मुका हात

"हात ठेवा, आण्णा. दाबू नका हं, नुसता ठेवा," अर्पिता सनदी म्हणाली.

आदगोंडा मगदूम यांनी उजवा तळवा काळ्या काचेवर ठेवला. समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरळ चालली होती.

"आता म्हणा, या कार्डावर घेतलेले पैसे मी परत करीन."

"या कार्डावर घेतलेले पैसे मी परत करीन."

रेघ हलली नाही. अर्पितानं काच पुसली, वायर काढून पुन्हा लावली, आण्णांना बोटं चोळायला सांगितली. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला आण्णा इतक्या ठसक्यात बोलले की बाहेरचा वॉचमन आत डोकावून गेला, पण रेघ आपली ढिम्म.

"अहो आण्णा, शुद्धीत आहात ना?" ती हसली आणि लगेच हसायची थांबली, कारण पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती : हात मुका. अर्ज स्थगित.

आण्णांच्या चेहऱ्यावर काही नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात ज्या माणसानं उभ्या हयातीत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, तो बँकेतल्या पोरीसमोर थोडाच तोंड पाडणार?

हे यंत्र तसं नवीन, पण बघता बघता त्यानं सगळीकडे हातपाय पसरले होते. नाव संकल्पमापक, लोक म्हणायचे पाटा. त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. माणूस एखादी गोष्ट करायचं मनाशी पक्कं करतो तेव्हा मेंदू हाताच्या स्नायूंना आधीच बारीकसा इशारा देऊन ठेवतो. हात हलत नाही, पण स्नायूत विजेची लहर उठते, बोटांच्या टोकांना कणभर घाम येतो, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांची नाडी बदलते. तोंडात आणि मनात एकच असेल तर पडद्यावर एक लाट उठते. तोंड एक बोलतंय आणि मनात दुसरंच आहे, असं असेल तर पहिल्या लाटेच्या पाठोपाठ दुसरी येते, आणि ती दाबणं भल्याभल्यांना जमत नाही.

बँकांना घबाडच मिळालं. पूर्वी त्या माणसाचं मागचं उकरत बसायच्या. दिवाळखोरीत निघालेल्याला तर कुणी दारात उभं करत नसे. फार तर म्हणत, आमच्याकडे ठेव ठेवा, तेवढ्याच रकमेचं कार्ड देतो. अरे बाबा, ठेवायला पैसे असते तर तो तुमच्याकडे कशाला आला असता? पाट्यानं हे सगळं निकालात काढलं. नियत समोर दिसतेय, मग तारण कशाला? 'उमेद बँके'नं तर दिवाळखोरांसाठीच विनातारण कार्ड काढलं होतं. ठेव नको, दागिना नको, जामीन नको. नुसता हात हवा.

आणि आण्णांचा हात बोलायलाच तयार नव्हता.

"असं माझ्यासमोर आजवर झालेलं नाही," अर्पिता म्हणाली. "लबाड माणसाच्या दोन लाटा येतात, सरळ माणसाची एक येते. तुमची एकही नाही. यंत्राच्या हिशेबी तुम्ही काही बोललाच नाहीत."

आण्णांनी हात उचलून उलटासुलटा करून बघितला. गाढवानं इथंच घात करावा का?

*

आण्णा हळदीचे अडत्ये होते. शेतकऱ्याचा माल आपल्या पेढीवर उतरवून घ्यायचा, लिलावात विकून द्यायचा, शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी चुकते करायचे आणि व्यापाऱ्याकडून आपले मागाहून सवडीनं वसूल करायचे, असा धंदा. मधल्या दिवसांत पेढी उसन्या पैशावर चालते. एका साली परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यानं यीस्टच्या पिंपातून हळदीचं सत्त्व काढायला सुरुवात केली, औषधवाल्यांनी हळद घ्यायचंच सोडलं आणि दर असा गडगडला की आण्णांचे व्यापारी एकेक करून फोन बंद करून बसले. शेवटी आण्णांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कायद्यानं ते मोकळे झाले. जामीनदार मात्र असा मोकळा होत नसतो. बायकोचा, त्रिशलाचा, थोरला भाऊ महावीर त्यांना जामीन राहिला होता. बँकेनं त्याचं दुकान विकलं. त्या दिवसापासून त्रिशलाचं माहेर तुटलं.

पिंपातलं सत्त्व गोळीत चालतं, आमटीत नाही. लोकांच्या लक्षात आलं, हळदीचा बाजार पुन्हा उभा राहिला, आणि बाजार समितीनं आण्णांना निरोप धाडला : हंगाम सुरू व्हायच्या आत पत उभी करा, नाहीतर तुमचा गाळा दुसऱ्याला देतो. म्हणून हे कार्ड. दुसऱ्या कुणाच्या गळ्याला फास न लावता धंदा उभा करायचा हा एकच रस्ता होता.

आता हात मुका का, तेही सांगितलं पाहिजे. लिलाव म्हटलं की आरडाओरडा डोळ्यांपुढं येतो, पण हळदीला रुमाल लागतो. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालतात आणि व्यापारी बोटं दाबून दर सांगतो. कुठलं बोट, किती वेळा, याच्या खुणा ठरलेल्या. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. मध्यंतरी हे सगळं बंद पडून लिलाव संगणकावर गेले होते. मग व्यापाऱ्यांच्या फोनमधले प्रोग्राम एकमेकांचा अंदाज घ्यायला लागले, सगळ्यांच्या बोल्या एकाच दरावर येऊन बसायला लागल्या आणि शेतकऱ्यांनी बोंब ठोकली. झक मारत रुमाल परत आला. रुमालाखाली कॅमेरा पोचत नाही.

पण रुमालाखाली हात पोचतो. व्यापारी बोट दाबतो आणि अडत्याचा हात कसा वागतो ते चाचपतो. जरा जरी चुळबुळ झाली की त्याला कळलं, याच्याकडे आधीच चढी बोली आलेली आहे. मग तो तिच्या वर केसभर सरकून माल उचलतो आणि मार शेतकऱ्याला बसतो. म्हणून अडत्याचा हात मुका लागतो. आण्णांचा हात असा होता की लोक म्हणायचे, रुमालाखाली हात घातलाय की दगडाच्या फटीत, समजत नाही. हीच त्यांची इभ्रत होती आणि तीच आता बँकेला नको होती.

"सरावाचा पाटा भाड्यानं मिळतो," अर्पितानं निघताना सांगितलं. "घरी न्या. कुणाला तरी प्रश्न विचारायला लावा. फक्त एकच संधी उरलीय हं, आण्णा. पुन्हा मुका निघाला तर अर्ज कायमचा बंद होतो."

*

"आमटी कशी झालीय?" त्रिशलानं विचारलं.

"चांगली." हात पाट्यावर. रेघ सरळ.

"खारट झालीय."

"असू दे."

"अहो, निदान आमटीबद्दल तरी काही वाटू द्या की!"

विश्रामबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी हा खेळ चालायचा. त्रिशला दातांच्या एका दवाखान्यात नावं नोंदवायचं काम करायची. तिथून आली की साडीचा पदर खोचून पोलिसासारखी समोर बसायची. तिनं आण्णांना देवाधर्माचं विचारलं, खाण्यापिण्याचं विचारलं, लग्नाआधी शांतिनगरच्या मुलीचं स्थळ आलं होतं तिचंही विचारलं. रेघ कशालाच हलली नाही.

"पाटाच बिघडलाय," ती वैतागून म्हणाली आणि आपला हात ठेवून बोलली, "मी सांगलीतली सगळ्यांत देखणी बाई आहे." रेघ सरळ. "बघा! बिघडलाय."

भाड्यानं देणारा पोऱ्या नवीन पाटा घेऊन आला. त्यानं स्वतःचा हात ठेवून "मी कधी सिगारेट ओढली नाही" म्हणताच दोन लाटा टणाटण उठल्या. पाटा ठणठणीत होता. त्यावरही त्रिशलाची रेघ सरळच.

तेव्हा कुठं आण्णांना आठवलं. त्रिशलाचे वडीलही अडत्येच. लहानपणी बापलेक टॉवेलाखाली हात घालून शेंगदाण्यांचा सौदा करायचे आणि बहुतेक वेळा पोरगीच जिंकायची.

"म्हणजे घरात दोन दोन मुके," ती हसली, पण हसू टिकलं नाही. "तुम्हाला एक सांगू? स्कूटर उचलून न्यायला माणसं आली तेव्हा मला कळलं आपलं सगळं गेलंय म्हणून. आदल्या संध्याकाळी बस्तीतून देवदर्शन करून पायऱ्या उतरताना तुम्ही माझा हात धरला होतात. तोंडानं नाही तर नाही, माझ्या हाताला तरी कळू द्यायचं होतं."

हंगाम जवळ येत होता. दिवसभर आण्णांना एका जागी बसवत नव्हतं. यार्डात जायचे, आपल्या बंद गाळ्यासमोरून दोन चकरा मारायचे आणि कुणी हाक मारायच्या आत परत फिरायचे. चहा प्यायला बसले तर अर्धा टाकून उठायचे. आतून जीव असा टांगणीला लागलेला, आणि संध्याकाळी पाट्यावर हात ठेवला की पुन्हा तीच सरळ रेघ.

एका संध्याकाळी त्रिशलानं दवाखान्यातून आल्यावर चहा टाकला नाही. पदरही खोचला नाही. आण्णांचा हात तिनंच उचलून पाट्यावर ठेवला.

"दादाचा फोन आला होता."

"महावीरचा?"

"हं. म्हणाला, तुझा नवरा पुन्हा त्याच खड्ड्यात उडी मारतोय. तू इकडं निघून ये. झालं गेलं मी विसरलो म्हणाला. जाऊ का?"

"किती दिवस?"

"कायमची."

आण्णांनी नेहमीच्या आवाजात, खिडकीबाहेर बघत सांगितलं, "जा की. तुला कोण अडवतंय?"

पडद्यावर एक लाट उठली. आणि तिच्या मागून दुसरी अशी उसळली की पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन धडकली.

आण्णांनी हात ओढून घेतला, तर तो त्यांच्या मांडीवरही थरथरत होता. "बिघडलाय," ते म्हणाले.

"नाही बिघडला," त्रिशला म्हणाली आणि त्यांचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्या हातातून काहीतरी ऐकू येत होतं. आण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते थांबवणं त्यांना जमेना.

"नको जाऊस," ते म्हणाले. "मी पाया पडतो तुझ्या, पण जाऊ नकोस."

"नाही जात हो. रडताय काय असं?" असं म्हणत तीही रडली.

*

एकदा बांध फुटला तो फुटलाच. आता आण्णांच्या हातात कपबशी वाजायची. भाजीवालीनं चढा भाव सांगितला की बोटं वळवळायची आणि ती आणखी चढवायची. जुना मित्र रस्त्यात भेटला, तर हात मिळवल्याबरोबर त्यानं विचारलं, "काय रे, कसल्या काळजीत आहेस?" आण्णांना रस्त्यात उघडं पडल्यासारखं वाटलं.

बँकेत मात्र जादू झाली. आण्णांनी वाक्य म्हटलं आणि एकच लाट उठली, गोल, भरदार. अर्पितानं टाळ्या वाजवल्या.

"कमाल केलीत, आण्णा! घ्या तुमचं कार्ड. आता दर महिन्याला येऊन एकदा हात ठेवून जायचं. नियत बदलली नाही ना, एवढंच बघतो आम्ही. हात पुन्हा मुका झाला तर मात्र कार्ड बंद."

त्या शेवटच्या वाक्याकडे आण्णांचं लक्षच नव्हतं. कार्ड खिशात टाकून ते रस्त्यावर आले आणि कितीतरी दिवसांनी उसाचा रस पुरता ग्लासभर प्यायले. ना तारण, ना जामीन. त्यांच्यामुळे आता कुणाचं दुकान जाणार नव्हतं. त्रिशलानं कार्ड देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "पहिल्या लिलावाला मी पण येणार. रजा टाकते."

*

पहिला माल मुबारक मुलाणीचा आला. दिग्रजचा हा शेतकरी. सगळी हळद त्यानं आण्णांच्या भरवशावर घरात राखून ठेवली होती. राजापुरी हळद, हळकुंडं जाड, मोडलं की आतून नारिंगी.

"आण्णा, तुमी परत बसला, बरं झालं," तो म्हणाला. "बाकीच्यांच्या रुमालावर माझा इस्वास न्हाई."

त्रिशला गाळ्याच्या दाराशी पेढ्यांचा डबा घेऊन उभी होती. आण्णांनी जुना पांढरा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि एकेक व्यापारी येऊन हात घालून जायला लागला. दोघा-तिघांनी बोटं दाबली. चांगले दर आले, एक तर फारच चांगला.

मग रतनशेठ मुनोत आले. यार्डातले जुने खेळाडू. त्यांनी हात घातला आणि मुद्दाम अगदी खालचा दर दाबला. आण्णांच्या तळहातातून एक शिरशिरी गेली. रतनशेठच्या भुवया वर झाल्या. त्यांनी आण्णांकडे बघितलं, मग रुमालाकडे. जरा वरचा दर दाबला. हात अजून थरथरला. आणखी वर. आणखी. आणि ज्या क्षणी आधीची चढी बोली ओलांडली गेली त्या क्षणी आण्णांचा हात आपोआप सैल पडला. रतनशेठ तिथंच थांबले. केसभर जास्त.

"बास आण्णा, माझं एवढंच," ते गोड हसून म्हणाले.

आण्णांना सगळं कळलं. रतनशेठना ही हळद पाहिजे होती, ते आणखी कितीतरी वर चढले असते. आणि या हातानं, स्वतःच्या हातानं, मुबारकचा माल आधीच्या बोलीच्या केसभर वर विकल्यात जमा केला होता. अर्पिताचं शेवटचं वाक्य आता कुठं त्यांच्या कानात शिरलं. हात बोलता ठेवला तर पेढी बुडणार. हात मुका केला तर कार्ड जाणार आणि कार्डाविना पेढी बुडणार. दोन्हीकडून मरणच की!

रुमाल झटकला की सौदा पक्का, अशी यार्डाची रीत. सगळे वाट बघत होते. मुबारक विश्वासानं आण्णांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

आण्णांनी रुमाल झटकला नाही. "मुबारक," ते म्हणाले, "माझा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. रतनशेठनी तो वाचला. या दरानं माल दिला तर तुझं नुकसान होईल. तुझी परवानगी असेल तर बोली पुन्हा लावतो. हात माझा नसेल."

"मग कुणाचा?" रतनशेठ खवळले. "ही कसली नवी थेरं?"

"परवानाधारक किंवा त्याच्या घरचं माणूस, असा नियम आहे, शेठजी," आण्णा म्हणाले आणि दाराकडे वळले. "त्रिशला, डबा ठेव खाली."

ती आधी हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. मग तिनं त्यांच्या हाताकडे बघितलं आणि काही न विचारता पुढं आली.

गलका उठला. बाई रुमालाला बसणार? कुणी म्हणालं, समितीला कळवा. कुणी फोन काढून चित्रण करायला लागलं. "गप बसा की ओ!" मुबारक ओरडला. "माल माझा हाय. वैनींनी हात घालू दे."

त्रिशलानं रुमाल नीट पसरला, बांगड्या मागं सारल्या आणि हात आत घेतला. एकेक व्यापारी पुन्हा आला. रतनशेठ शेवटी. त्यांनी खालचा दर दाबला. थांबले. वर गेले. थांबले, चाचपलं. आणखी वर. त्रिशला छताच्या पंख्याकडे बघत होती. रतनशेठच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते चढत राहिले, अंधारात जिना चढणाऱ्यासारखे, आणि कुठं थांबायचं ते न कळून भलतेच वर जाऊन थांबले. हात बाहेर काढून त्यांनी तो चोळला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या वडिलांचा हात धरल्यासारखं वाटलं."

त्रिशलानं रुमाल झटकला आणि दर पुकारला. मुबारकनं टोपी काढून कपाळ पुसलं. पेढे तिथंच वाटून संपले.

*

दुपारी यार्ड ओस पडलं. मुबारकचे पैसे कार्डावरून तिथल्या तिथं चुकते झाले होते. आता हे असंच चालणार, हे दोघांनाही न बोलता कळलं होतं : बँकेत आण्णांचा हात, रुमालात त्रिशलाचा. ती दवाखान्याची नोकरी सोडायचं म्हणत होती. पोत्यांवर टेकून दोघं चहा पीत बसली होती आणि खरं तर आण्णांनी खूश असायला हवं होतं.

पण त्यांच्या डोक्यात मघापासून भुंगा लागला होता. रुमालाखाली एवढ्या बोल्या आल्या आणि गेल्या, बाईचं बोट चळलं नाही. मग त्या संध्याकाळी पाट्यासमोर ती जे बोलली ते खरं होतं की खोटं?

"त्रिशला, एक विचारू? त्या दिवशी महावीरचा फोन खरंच आला होता?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "नाही हो. तुमचा हात बोलता करायला काहीतरी सांगितलं झालं."

"म्हणजे तू जाणार नव्हतीस."

"कुठं जाणार?" असं म्हणून तिनं आपला हात त्यांच्या हातात दिला. "बघा, चाचपून बघा."

आण्णांनी चाचपला. हात उबदार होता, जरासा हळदीनं माखलेला, आणि अगदी गप्प. फोन आला असेल आणि आजही येत असेल. नसेलही आला. त्या हाताच्या आत काय आहे, हे पाटा सांगणार नव्हता, रतनशेठला कळलं नव्हतं आणि आण्णांनाही कळत नव्हतं. इतकी वर्षं या बाईनं असाच एक हात धरून संसार केला होता, हे त्यांना त्या पोत्यांवर बसल्या बसल्या पहिल्यांदा उमगलं.

"राहू दे," ते म्हणाले. "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

तिच्या तळव्यात त्यांचा हात एकदा थरथरला. आणि त्यामागून लगेच, जरा जास्त जोरात, पुन्हा एकदा.

त्रिशलाला दोन्ही लाटा कळल्या असणार. तिनं काही हात सोडला नाही.